घुमटाखालचे दोन कोपरे

"वहिनी, या खोलीत कोपऱ्यात तोंड खुपसून कुजबुजू नका हं. घुमट भारी चहाडखोर असतो," असं धाकट्या दिरानं घर दाखवतानाच बजावलं होतं. दीर आर्किटेक्ट, त्याला प्रत्येक आकाराचा स्वभाव तोंडपाठ. जिन्यावर त्रिकोणी छप्पर का, तर त्रिकोण हट्टी, कितीही दाबा, तसूभर हलायचा नाही. चौकोनाला मात्र तिरकी पट्टी ठोकली नाही, तर तो कुणीही ढकललं की कलतो. आणि कमान? ती डोक्यावरचं ओझं दोन्ही पायांवर वाटून टाकते. "तुमच्यासारखं नाही, सगळं एकटीनंच उचलायचं," असा टोमणाही त्यानं वर हाणला होता.

तिनं "बरं बरं" म्हटलं आणि सोडून दिलं. कडेवर तान्ही चिमणी दुपट्यातून पाय बाहेर काढत होती. घुमटाचा स्वभाव कळून ती झोपणार होती थोडीच?

खोली चौकोनी, आणि वरचा बसका घुमट चारही कोपऱ्यांत उतरलेला. एका कोपऱ्यात पाळणा आणि तिची खुर्ची. तिरकस समोरच्या कोपऱ्यात सासूबाईंची आरामखुर्ची, सुया आणि लोकरीचे गुंडे.

सोमवारी तिची रजा संपत होती. चिमणीला सासूबाईच सांभाळणार होत्या, आणि तिथंच तिचं घोडं अडलं होतं. सासूबाईंना कमी ऐकू येतं, अशी तिची पक्की खात्री झाली होती. खोलीच्या मध्यावर उभी राहून ती चांगल्या खणखणीत आवाजात विचारायची, "आई, चहा ठेवू का?" त्यावर सासूबाई नुसतं "आँ?" करायच्या. मग पाळण्यातलं रडणं यांना कसं कळणार? ती चिमणीच्या नाकाखाली बोट धरून बसायची, आणि श्वास लागला की दोन मिनिटांनी पुन्हा धरायची.

नोकरी ग्रंथालयात, त्यामुळे कुजबुजणं हाडीमाशी मुरलेलं. चिमणी झोपली की ती कोपऱ्याकडे तोंड करून फोनवर ताईपाशी मन मोकळं करायची. "अगं, भाजीत मीठ म्हणजे नुसता समुद्र!" दुसऱ्या दिवशी भाजी अळणी. "टोपी एवढी घट्ट विणलीय, पोरीचं डोकं नारळासारखं निमुळतं होईल." संध्याकाळपर्यंत टोपी उसवलेली. "मला त्यांच्या भरवशावर पोर टाकवत नाही गं." त्यावर मात्र दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. सासूबाईंनी दिवसभर सुया हातात घेतल्या नाहीत, एवढंच.

तिनं नवऱ्याला धारेवर धरलं. "तूच चुगल्या करतोस!"

"मी? आईशी मी 'जेवायला वाढ' यापलीकडे काय बोलतो?"

तो गावाला गेल्यावर तिनं सापळा लावला. ताईला कुजबुजली, "जांभळा रंग मला डोळ्यांसमोर नको होतो." साफ खोटं होतं. सकाळी पाहते तर सासूबाईंच्या सुयांवरच्या जांभळ्या झबल्याचा पुन्हा गुंडा झालेला!

ती मटकन खुर्चीत बसली. तेवढ्यात अगदी कानाशी आवाज आला, "जांभळा खरंच आवडत नाही, की मला पकडायला निघालीस?"

तिनं दचकून मागं पाहिलं. जवळ चिटपाखरू नव्हतं. पार पलीकडे सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हसण्यानं गदगदत होते.

"आई, तुम्हाला ऐकू येतं?" ती भिंतीशी पुटपुटली.

"मध्यात उभी राहून ओरडतेस तेव्हा नाही. सगळे शब्द घुमटाला आपटून एकमेकांवर पडतात, नुसता गलका. इथं मात्र चिमणीची उचकीसुद्धा ऐकू येते. म्हणून तर धाकट्यानं माझी खुर्ची इथं मांडली."

"आणि मला म्हणाला कुजबुजू नका!"

"मला म्हणाला, ऐकत बस. लबाड मेला!"

तिचे कान तापले. "मग मी ताईला जे जे..."

"मिठाचं तोंडावर सांगितलं असतंस, तर तुलाही इतके दिवस खारट गिळावं लागलं नसतं. मला चवच कळत नाही हल्ली." मग आवाज जरा उतरला. "भरवशाचंही ऐकलं हो."

सवयीनं तिचं बोट चिमणीच्या नाकाखाली गेलं.

"बोट धरलंस ना? घड्याळाचा पट्टा पाळण्याला घासला," पाठमोऱ्या सासूबाई म्हणाल्या. "पोरीनं आत्ता उसासा टाकला. आणि तू श्वास कोंडून बसलीयेस. सोड बाई, सोड. नाहीतर आधी तुझ्याच नाकाखाली बोट धरायची वेळ यायची."

तिनं श्वास सोडला. तोही पलीकडे पोचला असणार.

सोमवारी ती कामावर गेली. आता जेवणाची सुट्टी झालीय, आणि ती मघापासून घरी फोन लावतेय. रिंग जातेय, उचलत कुणी नाही. फोन असतो स्वयंपाकघरात, आणि एकदा जबाबदारी घेतली की सासूबाई त्या कोपऱ्यातून उठणार नाहीत, हे तिला आता पुरतं कळलंय. म्हणून तिची तुम्हाला विनंती आहे: त्या बाजूनं जाणार असाल, तर घटकाभर डोकावून याल का? चिमणीला नका बघू, ती मजेत असेल. सासूबाईंनी दोन घास खाल्ले का, तेवढं विचारा. आणि हो, पाळण्याच्या कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून, हळूच विचारा. मोठ्यानं विचारलंत तर त्या नुसतं "आँ?" करतील.