एकच घंटा

मित्रांनो, करवतीच्या तुटक्या पात्यातून ठोकून काढलेली मी एक जुनी घंटा आहे. गप्प बसणं मला कधी जमलंच नाही.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, एका खाडीकाठी एनॉक आणि केझाया या जोडप्याने रान तोडून मका लावला होता. कुंपण नव्हतं. त्यांची एकुलती एक गाय पॅन्सी मोकाट चरायची आणि संध्याकाळी तिच्या गळ्यातल्या माझ्या आवाजावरून केझाया तिला हुडकून आणायची. गाईच्या लोण्यावरच घर चालत होतं.

मग त्यांची मुलगी टॅमसिन चालायला लागली. जरा पाठ वळली की पोरगी रानात पसार. एके सकाळी केझायाने मला गाईच्या गळ्यातून सोडवलं आणि पोरीच्या कमरेला बांधलं.

"डोकं फिरलंय का?" एनॉक कडाडला. "गाय गेली तर खायचं काय?"

"गाय गेली तर मका खाऊ. पोरगी गेली तर?"

एनॉक तणतणत शेतात गेला. आणि व्हायचं तेच झालं. गाभण पॅन्सी त्या संध्याकाळी परतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी पोरीच्या कमरेवर वाजत होते आणि माझा आवाज दोघांनाही नकोसा झाला होता.

शेवटी केझायाने टॅमसिनला कडेवर घेतलं आणि समुद्राकाठच्या झुडपांतून चालत सुटली. पोरगी कडेवर उसळत होती, मी खणखणत होते. तेवढ्यात लांबून हंबरणं ऐकू आलं. पॅन्सीने आपली घंटा ओळखली होती. ती नव्या वासराला चाटत उभी होती.

आता मी पुन्हा गाईच्या गळ्यात जाणार असं मला वाटलं. पण एनॉकनेच माझा पट्टा पोरीच्या कमरेला नीट आवळला. "गाईला दुसरी ठोकतो," एवढंच म्हणाला. त्या दिवसाचं भांडण पुढे घरात हसत हसत सांगितलं जाई.

मग कुंपणं आली. टॅमसिन लग्न करून जहाजाने लांब गेली. मी गोठ्यातल्या खिळ्यावर लटकले. कुंभारमाशीने माझ्या पोटात मातीचं घर केलं आणि मी मुकी झाले. वारा आला की नुसती हलायचे.

एनॉक वारला. म्हाताऱ्या केझायाला काही आठवेनासं झालं. कधीच मेलेल्या पॅन्सीला शोधायला ती रानात निघायची. टॅमसिन परत राहायला आली. तिने मला उतरवलं, माती खरवडून काढली आणि आईच्या कमरेला बांधलं.

"मी काय गाय आहे?" केझाया हसली. "आणि पॅन्सी कशी सापडायची?"

"गाय गेली तर मका खाऊ, आई," टॅमसिन म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी खिळ्यावर एखादी मुकी घंटा असेल, तर तिच्या पोटातली माती काढून ठेवा. उद्या ती कुणाच्या कमरेला लागेल, सांगता येत नाही.