न्हाणीघरातले भाऊसाहेब

रंगुबाईंनी जनावरांच्या घासाच्या वाफ्यात पिठाची चाळणी झपकन पालथी घातली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. खाली नाकतोडा टणाटण आपटत होता. दुधाची किटली घेऊन बांधावरून चाललेला शेजारचा वाल्मिक ते बघून थांबलाच.

"काकू, घास चाळताय का काय?"

"तुजं काम कर."

पासष्टी उलटलेल्या बाईनं नाकतोडे कशाला धरायचे, हे उभ्या कोल्हार गावाला समजावत बसायची त्यांची तयारी नव्हती. नाकतोडा पदराच्या गाठीत बांधून त्या घराकडं निघाल्या.

नाकतोडा भाऊसाहेबांसाठी होता. भाऊसाहेब म्हणजे बेडूक. उन्हाळा तापायला लागला तसा तो एके सकाळी न्हाणीघरात आला होता. रंगुबाईंनी पाण्याला हात घातला, तर बंबामागच्या उभ्या भिंतीला हा चिकटलेला, मातीच्या रंगाचा. बेडकानं डबक्यात राहावं, भिंतीवर पालीनं. हे काय भलतंच म्हणून त्यांनी खराटा उगारला. पण त्यानं पोट पुढं काढून, डोळे अर्धवट मिटून असं काही त्यांच्याकडं बघितलं, की सोसायटीच्या मीटिंगला बसलेला चेअरमनच. खराटा खाली आला आणि नावही तिथंच ठरलं.

नात आरती लोणीला कॉलेजात शिकत होती. तिला त्यांनी फोटो पाठवला, तसा तिचा फोनच आला.

"आज्जी, हा झाडावरचा बेडूक आहे. त्याच्या बोटांना गोल चकत्या आहेत बघ, त्यानं तो चिकटतो. गारव्याला आलाय, हाकलू नको."

"खातो काय पन?"

"तू काय घातलंस?"

रंगुबाईंनी आवाज बारीक केला. "दूधभाकर."

आरती इतका वेळ हसली, की रंगुबाईंना वाटलं रेंज गेली. मग तिनं सगळं नीट सांगितलं. त्याला जिवंत किडेच लागतात. पसरट भांड्यात पाणी ठेवायचं. साबणाच्या हातानं शिवायचं नाही, कारण त्याच्या कातडीतून सगळं आत जातं. रंगुबाईंनी झरोक्यात मातीचं परळ पाण्यानं भरून ठेवलं, आणि साबणाची वडी न्हाणीतून उचलून घरात नेली.

जन्मभर त्यांनी गाई पाळल्या, शेळ्या पाळल्या, कोंबड्या पाळल्या. पण ती सगळी भूक लागली की ओरडणारी जनावरं. हा काही द्यायचा नाही आणि काही मागायचाही नाही. उपाशी आहे की जेवलाय, तोंडावरून कळायला मार्ग नाही. अगदी जाऊबाईसारखा.

जाऊबाई, म्हणजे धाकट्या दिराची बायको पुष्पावती, भिंतीपलीकडं राहत होती. दोघींचे नवरे गेले, पोरं कामधंद्याला बाहेर पडली, आणि घरात दोन चुली, दोन बायका उरल्या. बोलणं मात्र नवरे होते तेव्हापासूनच बंद होतं. गावाला वाटायचं, वाटणीवरून झालं असेल. खरं कारण आमटी होती. रंगुबाईंच्या मुलाच्या लग्नात, त्यांनी जातीनं केलेली आमटी वाढताना, पुष्पावतीनं भर पंगतीत विचारलं होतं, "ही वाटीत वाढायची का तांब्यात?"

पुढं अंगणात भिंत पडली. न्हाणीघर मात्र अर्धं कसं कापायचं ते गवंड्याला कळेना, म्हणून ते सामाईक राहिलं. त्याला दोन्ही बाजूंनी दारं. सकाळ रंगुबाईंची, संध्याकाळ पुष्पावतीची. आत कुणी असलं तर बाहेरच्यानं खोकायचं आणि परत फिरायचं. अगदीच नड आली तर कोंबडीला सांगायचं. "ए कोंबडे, कुनाला तरी सांग, नळाला पानी आलंय." पलीकडून बादली वाजली की निरोप पोचला.

तर त्या दिवशी नाकतोडा भाऊसाहेबांच्या नाकावरून चालत गेला आणि त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रंगुबाईंच्या घशाखाली घास उतरेना. वाल्मिकच्या गोठ्यात जनावरांचा डॉक्टर कल्याण आलाय असं कळताच त्यांनी चपात्यांचा डबा रिकामा केला, तळाला ओलं फडकं अंथरलं, हात भिजवून भाऊसाहेबांना आत बसवलं आणि तडक गोठा गाठला.

कल्याणनं डबा उघडला आणि जवळजवळ टाकलाच.

"मावशी, मी गाईम्हशींचा डॉक्टर हाय!"

"ह्याला बी चार पायच हायेत. लई दिस झालं, तोंडात काय घेत न्हाई."

कल्याणनं गाय सोडून डब्यात बघितलं. वरून बघितलं, बाजूनं बघितलं.

"उपाशी कुठला, मावशी? ह्याला जास्त झालंय. पोट बघा की. हा दुसरीकडं जेवून येतोय."

"माझ्या न्हानीत त्याला दुसरं कोन घालनार..." म्हणता म्हणता रंगुबाई थांबल्या. एवढ्या उन्हात परळातलं पाणी कधी कमी झालेलं त्यांनी बघितलं नव्हतं. तो त्यांनी भाऊसाहेबांचा पायगुण धरला होता.

त्या संध्याकाळी त्या न्हाणीच्या आपल्या बाजूच्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. हातात रिकामी बादली, कुणी बघितलंच तर असावी म्हणून.

"खा की," आतून पुष्पावतीचा आवाज आला. "डाळीतली अळी हाय, मऊ हाय. न्हाई? तिकडं जेवलास वाटतं. ती लई चारती, ठाव हाय मला." पाणी ओतल्याचा आवाज झाला. "मंगळवारी मी न्हाई, बरं का. नगरला डोळ्याचं ऑपरेशन हाय. माझ्या पोराला, हर्षलला रजा न्हाई म्हनला. डॉक्टर म्हनत्यात, संगं माणूस पायजे. आता माणूस कुठून आनू? तुला नेऊ का पिशवीत घालून?"

आत बादली सरकली.

"आन जाता येता बघ जरा पलीकडं. म्हातारी सारखी खोकत असती. औषध घेती का न्हाई, कुनाला ठाव."

नेमका तेव्हाच रंगुबाईंना खोकला आला. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि बादली छातीशी धरून अंगण ओलांडलं. घरात येऊन पदर काढला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोकला दाबला की तसं होतंच.

दुसऱ्या दिवशी पुष्पावती न्हाणीत गेल्याची खात्री करून त्या परत दाराशी आल्या, आणि देवळात भजनाला लावतात तसा आवाज लावून म्हणाल्या,

"भाऊसाहेब, ऐका. मंगळवारी मी नगरला चालले. डोळ्याच्या दवाखान्यात."

आतलं पाणी थांबलं.

"तुमच्या डोळ्याला काय झालं?"

प्रश्न बेडकाला नव्हता. कोंबडीलाही नव्हता. रंगुबाईंनी दाराच्या कडीला हात लावला आणि परत काढून घेतला.

"माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? संगं माणूस पायजे म्हनं कुनाला तरी."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नळ सुटला आणि परत बंद झाला.

"सातची गाडी हाय," पुष्पावती म्हणाली. "चुकवू नका."

मंगळवारी दोघी एका बाकावर बसल्या. खिडकी रंगुबाईंनी पुष्पावतीला दिली, कारण परतताना तिच्या डोळ्याला पट्टी असणार होती. गाडी सुटली, पूल ओलांडला. शेजारी बसून काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना. मधे भिंत नाही, दार नाही, एक कोंबडीसुद्धा नाही. राहुरी येईपर्यंत पुष्पावती बाहेरचा ऊस बघत राहिली आणि रंगुबाई पुढच्या माणसाची टोपी.

"अक्का," शेवटी पुष्पावती काचेकडं बघतच म्हणाली, "तुमी त्याला भाऊसाहेब म्हनता व्हय?"

"व्हय. आन तू?"

पुष्पावतीनं पदर सारखा केला, तो सारखाच होता तरी.

"सांग की."

"मी आपलं... भावजी म्हनते."

 रंगुबाईंच्या मालकांना भावजी म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं. कंडक्टर येऊन तिकिटं देऊन गेला. राहुरीचा स्टँड मागं पडला, दोन्ही बाजूंना परत ऊस लागला.

"पोट तसंच हुतं खरं त्यांचं," त्या म्हणाल्या.