वादळाला सुचतं तेव्हा

पोस्टरवर त्याचं नाव ‘वादळ’. घरात या वादळाला स्वतःचे मोजे सापडत नसत. बायकोने कपाटाचा खण उघडून ते हातात दिले, की वादळ सुटायचं, आणि हजारो लोकांसमोर गरजून जेवायला परत यायचं.

घर नावापुरतं दोघांचं. खऱ्या मालकिणी गिटारी. पाहुण्यांच्या खोलीत सातजणी भिंतीला टांगलेल्या, आठवी पलंगावर आडवी. त्यामुळे पाहुणे येणं कधीच बंद झालेलं. जमिनीवर पायाने दाबायच्या पेडलांची लांबलचक फळी. एक पेडल आवाज खरखरीत करायचं, दुसरं ती खरखर जरा आवरायचं, तिसरं तोच आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमवायचं.

“पैसे मोजून आवाज घाण करायचा आणि पुन्हा पैसे मोजून धुवायचा,” बायको म्हणायची. “मला दे की, मी साबणाने धुते.”

गाणं जमलं नाही की दोष तारांचा, नाहीतर गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पचा, नाहीतर शेजाऱ्यांच्या फ्रिजचा. नाचता येईना अंगण वाकडं! आणि दर वाकड्या अंगणामागे एक नवं पेडल घरात यायचं.

मुलाखतीत हमखास विचारत, गाणी सुचतात कशी? वादळ डोळे मिटायचं, केसांतून बोटं फिरवायचं. “शब्द वरून येतात. मी फक्त त्यांना वाट करून देतो.”

शब्द स्वयंपाकघरातून येत. आधी चाल लागायची, तीही ‘ना ना ना, हे हे’ अशी. मग हे महाशय ‘ना ना’ करत घरभर फिरायचे आणि बायको जे बोलेल ते चालीत बसतंय का बघायचे. ‘दूध संपलंय, तूही संपलास’ असं ती एकदा भांडणात म्हणाली. ते झालं पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं. ‘तुझ्या बाजूचा दिवा विझव’ हे तिने झोप येईना म्हणून वैतागून म्हटलं होतं. त्यावर जोडपी एकमेकांना बिलगू लागली. आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतात तो हाच, फक्त चामड्याचं जाकीट घातलेला.

मग ती सावध झाली. मोजकं, कोरडं बोलू लागली. “नळ. प्लंबर. उद्या.” थोड्याच दिवसांत मैदानावर पोरं मुठी उगारून ओरडत होती, नळ! प्लंबर! उद्या! एका समीक्षकाला त्यात अख्ख्या पिढीची तहान दिसली. तो लेख वाचून ती पोट धरधरून हसली. तोवर सगळं हसण्यावारी नेण्याजोगंच होतं.

मग तिचे वडील गेले. दवाखान्यातून परतताना गाडीत ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “आता बाबांचा चष्मा कुणाला द्यायचा?” नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि कितीतरी वेळ तिचा हात धरून ठेवला. त्या हाताचा तिला फार आधार वाटला. गाणं बाजारात येईपर्यंत तो आधार टिकला.

लोक त्यावर चक्क नाचले. एका लग्नात नवरदेवाचे मित्र खोटे चष्मे लावून नाचले, तेव्हा ती भरल्या ताटावरून उठली.

“अगं, बाबा अमर झाले,” तो घरी आल्यावर म्हणाला.

“त्यांना अमर व्हायचं नव्हतं. त्यांना घरी यायचं होतं.” बोलून गेली आणि तिने जीभ चावली. त्याचे ओठ हलायला लागले होते.

तेव्हापासून मनातलं काही असलं की ती आईकडे जायची. आई मटार सोलत ऐकायची, मध्येच “मूर्खच आहे तो” म्हणायची, आणि तिचं मन हलकं व्हायचं. घरी परतताना मग तिला नवऱ्याचा राग येत नसे.

आज आईकडून ती मन हलकं न करताच परतली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवणार नव्हतं. आणि सांगण्यासारखं माणूस आता एकच उरलं होतं.

तो गिटारींच्या खोलीत होता. “मला काहीतरी सांगायचंय,” ती दारातून म्हणाली. “आधी हे सगळं बंद कर.”

तिचा चेहरा बघून तो लगेच उठला. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती. त्याने गळ्यातली गिटार उतरवली. अ‍ॅम्प बंद केला, माइकची वायर उपसली, वाकून पेडलांचे लाल दिवे एकेक करून मालवले. फोन बाहेरच्या खोलीत ठेवून आला. खोली इतकी शांत तिने कधी ऐकलीच नव्हती.

“आईने आज दार उघडलं,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, बसा ना. माझी मुलगी येईलच इतक्यात.”

त्याने तिला जवळ घेतलं. त्याच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी आलं. तिच्या मानेवर टपकलं. मग तीही हुंदके देऊन रडली, वडील गेले तेव्हा रडली नव्हती तेवढी. बरं वाटलं. उगाच इतकी वर्षं घाबरले, असंही तिला वाटून गेलं.

आणि पाठीवर तिला त्याची बोटं जाणवली. डाव्या हाताची. तीन बोटं टेकली, उचलली, जरा खाली सरकली, पुन्हा टेकली. सूर शोधत होती.

“तुला सुचतंय,” ती म्हणाली.

“छे गं! काहीतरीच काय!” बोटं थांबली. त्याने नाक ओढलं. मग अगदी हळू, लाजत म्हणाला, “फक्त... ‘इतक्यात’च्या आधी जराशी थांबली होतीस ना? तसंच परत एकदा म्हणशील?”

ती बाजूला झाली. डोळे पुसले. आल्यागेल्याला दाखवावी तशी त्याला समोरची खुर्ची दाखवली.

“बसा ना,” ती म्हणाली. “माझा नवरा येईलच इतक्यात.”

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. आत बराच वेळ काहीच हललं नाही. मग अ‍ॅम्पचं बटण दाबल्याचा आवाज आला.