चार स्क्रीनशॉट

“उल्का, टीव्हीच्या त्या स्ट्रीमिंग काडीवरचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नकोस,” सोबत काम करणाऱ्या रियाजने तिला आधीच सांगितलं होतं. हिंजवडीच्या ऑफिसात, कॅन्टीनमध्ये, डबा खाता खाता. “टीव्ही बंद केला तरी ती काडी तिच्या अ‍ॅडॉप्टरवर चालूच राहते. पडद्यावर अंधार आणि आत सिनेमा सुरू.”

“मला शिकवतोस? सात वर्षं टेस्टिंगमध्ये आहे मी.”

“म्हणूनच सांगतोय,” म्हणत त्याने तिच्या डब्यातली भेंडी उचलली आणि विषय तिथेच राहिला.

सात वर्षं तिने हेच केलं होतं. प्रोग्रॅममधली चूक शोधायची, स्क्रीनशॉट काढायचा, वेळेसकट पाठवून द्यायचा. समोरचा कितीही तावातावाने भांडत असला तरी स्क्रीनशॉट पाहिला की गप्प बसे. घरी काळजी वाटू लागली तेव्हाही तिचा हात त्याच हत्याराकडे गेला.

काळजी स्वरालीची होती. पोर दोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, आणि डॉक्टरांनी टीव्ही पूर्ण बंद करायला सांगितला होता. पूर्ण म्हणजे सकाळची दहा मिनिटं सोडून. सशाचं कार्टून लावल्याशिवाय ती तोंड उघडत नसे आणि विश्रांतवाडीच्या चौकात कंपनीची बस कुणासाठी थांबत नसे. अर्धी वाटी भरवून उल्का पोरीला सांभाळणाऱ्या यमुनाबाईंच्या मांडीवर द्यायची, चपला घालता घालता “संपलं की लगेच बंद करा हं” म्हणायची आणि पळायची. मग दिवसभर धाकधूक. केला असेल ना बंद?

एका रविवारी ती नेटवरचे कार्यक्रम दाखवायला टीव्हीला लावलेल्या त्या काडीच्या सेटिंगमध्ये शिरली. दर अर्ध्या तासाने, काडीवर जे चाललं असेल त्याचा स्क्रीनशॉट निघून तिच्या फोनवर येईल अशी सोय तिने करून ठेवली.

सोमवारी नऊ दहाला ससा. नऊ चाळीसला ससा. दहा दहाला, दहा चाळीसलाही ससाच, आता गाजराच्या गाडीत बसलेला. मीटिंगमध्ये तिचे कान तापले.

संध्याकाळी तिने फोन यमुनाबाईंच्या पुढ्यात धरला.

“मी तर लाल बटन दाबते की ओ ताई. तुम्ही लिफ्टमध्ये जाईस्तोवर.”

“मग हे काय आहे?”

यमुनाबाईंनी डोळे बारीक केले. “हे कुणी काढलं?”

“टीव्हीतूनच निघालंय.”

“मग टीव्हीलाच विचारा, म्होरं कोण बसलं हुतं.”

उल्काला हा उद्धटपणा वाटला. उद्यापासून येऊ नका, असं ती म्हणाली. यमुनाबाईंनी स्वरालीच्या मुठीतून पदर सोडवला, तिची खरकटी वाटी विसळून पालथी घातली आणि त्या गेल्या.

त्याच दिवशी बिल्डिंगमधल्या आयांच्या ग्रुपवर उल्काने चारही स्क्रीनशॉट टाकले, यमुनाबाईंच्या नावासकट. वर एक ओळ: “विश्वास ठेवायचा तरी कुणावर?” पटापट डोळे वटारलेले चेहरे आले. समोरच्या विंगमधल्या ऋचाकडे यमुनाबाई संध्याकाळी पोळ्या करायच्या. तिनेही त्यांचं काम बंद केलं.

पुढच्या आठवड्यात उल्का घरूनच काम करत होती. सकाळी कार्टून लावलं, भरवलं आणि टीव्हीच्या मोठ्या रिमोटवरचं लाल बटण दाबलं. स्वराली डब्यांची झाकणं घेऊन बसली. नऊ दहाला फोन वाजला.

ससा.

उल्काने वर पाहिलं. टीव्ही काळा. ती उठली, पडद्यावर तळहात ठेवला. थंड. टीव्ही लावला, तर ससा मजेत गाडी हाकत होता. पुन्हा लाल बटण दाबलं आणि अर्धा तास हातातलं काम सोडून ती नुसती बसून राहिली. नऊ चाळीसला ससा आलाच.

मग तिने त्या सोमवारचा फोल्डर उघडला. त्यात पाचवा स्क्रीनशॉट होता, अकरा दहाचा. बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही की काडी विचारते तो प्रश्न: “अजून पाहताय का?” सहावाही तोच. सातवाही. संध्याकाळपर्यंत त्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं, कारण तो प्रश्न कुणाला दिसलाच नव्हता. आणि हे सगळे तिने त्या दिवशीच पाहिले होते. यातून काही सिद्ध होत नाही म्हणून बाजूला ठेवले होते. हाताखालच्या पोरीने असं केलं असतं तर उल्काने तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं.

“पोस्ट उडवून टाक,” केदार म्हणाला. तिच्या नवऱ्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो. “ग्रुपवर परवापासून पार्किंगची महायुद्धं चाललीयेत. तुझा ससा कोण लक्षात ठेवतंय?”

“यमुनाबाई ठेवतायत ना.”

यमुनाबाईंचा फोन बंद होता. ती त्यांच्या खोलीवर गेली, तर कुलूप. शेजारीण दारात लसूण सोलत होती. तिने उल्काला पायांपासून वरपर्यंत पाहिलं.

“तुमीच का त्या फोटोवाल्या? कुनी कामाला ठेवीना तिला. जिथं जाईल तिथं फोटो आधी हजर. गेली कात्रजला, लेकीकडं, मुक्ताईकडं, त्या प्राणिसंग्रहालयाच्या मागं कुठंतरी. डावा गुडघा सुजलाय, त्यात दोन दिस जेवली न्हाई.”

“पत्ता आहे का?”

“आता पत्ता कशाला? आनखी फोटो काढायला?”

उल्का तशीच निघाली. ती दोनदा कात्रजला जाऊन आली. प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या गल्ल्यांत दारोदार विचारलं, आणि प्रत्येक दारात स्वतःची ओळख सांगताना तिची जीभ अडखळली.

शेवटी तिने त्याच ग्रुपवर लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा पाठवलं:

“मी टाकलेले चार स्क्रीनशॉट काडीवरचे होते, टीव्ही बंद होता. ते कार्टून मीच लावलेलं होतं. यमुनाबाईंनी सांगितल्याप्रमाणे टीव्ही बंद केला होता आणि मला तसं सांगितलंही होतं. पाचवा स्क्रीनशॉट मी तुम्हाला दाखवला नाही, तो आता जोडते आहे. चूक माझी आहे. ते चार जिथे जिथे पाठवलेत तिथे हेही पाठवा. यमुनाबाई कात्रजला आहेत, मुलीकडे, मुक्ताईकडे, प्राणिसंग्रहालयाच्या मागे कुठेतरी. साठीच्या आहेत, उंच, डाव्या पायावर भार देत नाहीत. हे वाचणाऱ्या कुणाचंही तिकडे घर असेल, जाणं-येणं असेल, तर कृपा करून त्यांना शोधा. माझा निरोप नाही दिलात तरी चालेल. त्या जेवतायत का, गुडघा कुणाला दाखवलाय का, एवढं मात्र स्वतः जाऊन बघा.”