दिसणारं ठिगळ

जानकीराम शिंपी कुंभकोणममध्ये रफूसाठी प्रसिद्ध होता. फक्त त्याचा पुरावा कुणाला दाखवता येत नसे. शाळामास्तरांच्या कोटाला त्यानं लावलेली चार ठिगळं खुद्द मास्तरांनाही सापडत नव्हती. जानकीरामच्या स्वतःच्या सदऱ्याला अकरा होती. तीस वर्षांत डोळे मात्र दमले. दुपार कलली की एका सुईच्या दोन दिसायच्या आणि नेमकी खोटी हातात यायची.

म्हणून मद्रासच्या सिनेमा कंपनीचा मॅनेजर शामसुंदर सहा कोरे सदरे घेऊन ओट्यावर येऊन बसला आणि त्यानं काम सांगितलं, तेव्हा जानकीरामला हायसं वाटलं.

"आमचा हीरो गरीब आहे," मॅनेजर म्हणाला. "हे फाडा आणि ठिगळं लावा. पसंत पडलं तर कायमचे कंपनीत या. बारीक काम अजिबात नाही."

बारीक काम नाही! जानकीरामनं विठ्ठलाची माफी मागून कोरं कापड फाडलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं सदरा उलटसुलट करून पाहिला. "ठिगळ कुठाय?"

"आहे की. खांद्यावर."

"दिसत नाही!"

"दिसलं तर मला काम कोण देईल?"

"अहो, शेवटच्या बाकावरच्याला दिसायला हवं. पांढऱ्यावर काळं लावा."

जानकीरामनं काळं लावलं. पण कडा आत दुमडल्या गेल्या, कोपरे काटकोनात बसले. हात ऐकेनातच.

"हा तर खिसा झाला," मॅनेजर म्हणाला. "गरिबाला खांद्यावर खिसा कशाला?" मग त्याची नजर जानकीरामच्या अंगावर गेली. "तुमचीही चूक नाही म्हणा. खाऊनपिऊन सुखी माणूस तुम्ही. सदरा बघा कसा धडधाकट! गरिबी हाताला यावी लागते."

जानकीराम अकरा ठिगळांत ताठ बसून राहिला. सांगावं तर अब्रू जात होती, न सांगावं तर नोकरी. त्यानं नाही सांगितलं.

"उद्या शेवटचं," म्हणून मॅनेजर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जानकीरामनं आणखी दोन खिसे केले. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तशी बायको भवानी चुलीपासून उठली.

"द्या इकडे. तुम्हाला वाईट करताच येत नाही, हाच तुमचा रोग."

तिनं भाताची गोणी शिवायचा दाभण घेतला, सुतळी ओवली, आणि फोडणीकडे बघत बघत एक ठिगळ ठोकून दिलं. तेही जिथं फाटलंच नव्हतं तिथं.

संध्याकाळी मॅनेजर आला आणि त्यानं तो सदरा छातीशी धरला. "काय ही गरिबी! कुणी केलं हे?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं. जानकीरामनं त्या सुतळीकडे पाहिलं. तीस वर्षांचं नाव होतं.

"हिनं," तो म्हणाला. "मी नाही."

"मग अम्मा, तुम्हीच या."

आता भवानी रोज सकाळी कंपनीच्या मोटारीतून जाते, गादीच्या खुर्चीवर बसून चाळीस माणसांना गरीब करते. घरी सांबार जानकीराम करतो. पण मोटार यायच्या आधी ती दारातल्या उजेडात उभी राहते, त्याला सुई ओवून देते आणि तो तिच्या लुगड्याचा फाटका पदर रफू करायला हातात घेतो.

"असू द्या हो. तिथं सगळे फाटकेच असतात."

"ते सिनेमातले," जानकीराम डोळे पुसत म्हणतो. "हलू नकोस. दिसेल."