हिरवं रबर सापडेपर्यंत

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर एका जुन्या गाडीचं बॉनेट उचला. जड आहे, दोन्ही हातांनी धरा. दांडी नीट अडकली ना? आता आत डोकवा. काय दिसतंय? नुसता काळा राडा, त्यात रुतलेली सुकी पानं आणि नाकात जाणारा जळक्या तेलाचा वास. इंजिन या सगळ्याखाली कुठेतरी आहे, असं आपण धरून चालू.

या गाडीला घरात सगळे ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारी कुठूनतरी तेल गाळत होती, पण कुठून, ते कळत नव्हतं. गॅरेजच्या मेस्त्रींनी वाकून पाहिलं आणि हात झटकले. “एवढ्या घाणीत गळती काय दिसणार, साहेब? साफ करून आणा, नाहीतर सरळ भंगारात द्या.” बाबांनी सरळ रस्ता धरला. रविवारी दुपारी भंगारवाला येणार होता.

घरातल्या मुलीला हे मुळीच पटलं नाही. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिला एका जागी बसलेलं कोणी पाहिलंच नव्हतं. सुट्टीला सगळे म्हातारीत बसून तळ्यावर पोहायला जात. तिकडे बस जात नव्हती. भिंगरीला आता कुठे पाठीवर तरंगायला जमू लागलं होतं. गाडी गेली की तळंही गेलं.

“आपणच साफ करू या की!” रविवारी सकाळी ती म्हणाली.

“त्यात काय मोठं? पाइप लावतो आणि धुऊन काढतो,” मामा बाह्या सरसावत म्हणाला.

“दादा, तुझी स्कूटर तू अशीच धुतली होतीस ना?” मावशीने शांतपणे विचारलं. “अजून ढकलतच नेतोस.”

बाबा खो खो हसले. मामाने बाह्या खाली केल्या.

मावशी इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीतली नर्स होती. तिने म्हातारीच्या पोटात असं पाहिलं, जणू पेशंटच टेबलावर आणून ठेवलाय. “इंजिन रात्रभर बंद आहे, म्हणजे गार आहे. गरम असतं तर हातही लावू दिला नसता. भावोजी, बॅटरीची वजा खुणेची वायर काढा. आणि किल्ली भिंगरीकडे द्या.”

“माझ्याकडे?”

“तुझ्याकडे. खिशात ठेव. तू देईपर्यंत गाडी कोणी चालू करायची नाही. आता ऐक. आम्ही ऑपरेशन करतो तेव्हा जिथे काम आहे तेवढाच भाग उघडा ठेवतो, बाकी सगळं झाकतो. इथे विजेच्या वस्तूंना पाणी चालत नाही, म्हणून त्या झाकायच्या.”

झाकायला प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, पण बांधायला काही नव्हतं. भिंगरी धावत गेली आणि केसांची रंगीबेरंगी रबरं घेऊन आली. लाल रबराने तिने आधी स्वतःचे केस वर घट्ट बांधले, मावशीची सक्तीच होती. मग बॅटरीला पिवळं, फ्यूजच्या पेटीला निळं, चालत्या गाडीत वीज तयार करतो त्या अल्टरनेटरला जांभळं. आणि इंजिन ज्यातून श्वास घेतं, त्या हवेच्या नळीच्या तोंडाला, खाली दिव्याच्या मागे, हिरवं.

“झाकलेलं सगळं परत निघालं पाहिजे,” मावशी म्हणाली. “आम्ही टाके घालायच्या आधी कापसाचे बोळे मोजतो. जुळले नाहीत तर मोठ्या डॉक्टरांनाही थांबावं लागतं.”

मग काम सुरू झालं. खाली जुनी चादर अंथरली, कारण तेलकट मळ गटारात जायला नको. हातमोजे चढवले, डोळ्यांना चष्मे लावले. आधी कोरड्या ब्रशने पानं आणि माती काढली. मग तेलाचा चिकटा सोडवणारं औषध फवारलं आणि थांबले. थांबणं भिंगरीला सगळ्यात जड गेलं. ती गाडीभोवती फेऱ्या मारत राहिली. मग दातांच्या जुन्या ब्रशने कानाकोपरे घासले आणि ओल्या फडक्याने पुसून घेतले. पाइप कोपऱ्यात गुंडाळलेलाच राहिला. राड्याखालून हळूहळू चंदेरी धातू वर आला, त्यावर कोरलेले आकडे आले.

“अगं बाई, म्हातारी तर तरुण निघाली!” मामा म्हणाला.

सगळं कोरडं पुसून झालं. भराभर पिशव्या निघाल्या. निघालेलं रबर भिंगरी मनगटात अडकवत होती. बाबांनी बॅटरीची वायर जोडली. तेवढ्यात फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. भंगारवाला आला होता.

“आण किल्ली लवकर!” मामा चालकाच्या जागेवर बसून ओरडला. “चालू करू, गळती सापडते का बघू, नाहीतर तो घेऊनच जाईल.”

भिंगरीने खिशात हात घातला आणि मनगटाकडे पाहिलं. पिवळं, निळं, जांभळं.

“हिरवं रबर कुठंय?”

“पडलं असेल कुठेतरी! तुझ्या केसांत बघ.”

“केसांत लाल आहे.”

“भिंगरी, माणूस खोळंबलाय,” बाबा म्हणाले. “दे ती किल्ली.”

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. भिंगरीने किल्ली मुठीत आवळली. “हिरवं सापडेपर्यंत नाही देणार. मोठ्या डॉक्टरांनाही नाही.”

ती बॉनेटमध्ये वाकली. हवेच्या नळीच्या तोंडावर नजर गेली. पातळ पिशवी ओली होऊन तिथे अशी चिकटली होती की दिसतच नव्हती. रबर घसरून मागे गेलं होतं.

तिने पिशवी ओढून काढली आणि मामापुढे धरली. मामाचा चेहरा उतरला. “ही आत ओढली गेली असती तर...”

“म्हातारीचा श्वासच कोंडला असता,” मावशी म्हणाली. “आता दे किल्ली. सगळ्यांनी हात बाहेर! पंखा आणि पट्टा फिरणार.”

म्हातारी खोकली आणि मग मजेत घरघरू लागली. सगळे लांबून टक लावून बघत होते. थोडी तापल्यावर इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेतून सोनेरी तेलाची एक रेघ उतरू लागली, थेट खालच्या गरम नळीवर.

“ते बघा! तिथून!” भिंगरीने नाचायलाच सुरुवात केली.

बाबांनी गाडी बंद केली, मेस्त्रींना फोन लावला आणि हसतच परत आले. “झाकणाखालची रबरी पट्टी गेलीय म्हणे. लहानसं काम. उद्याच आणा म्हणाले.” त्यांनी मुलीच्या काळ्याकुट्ट हातांकडे पाहिलं. “भंगारवाल्याला तूच सांग जा.”

भिंगरीने फाटक उघडलं. “काका, आमची म्हातारी विकायची नाही. बरी झाली ती.”

मग ती घरात पळाली, पोहायचा टॉवेल आणला, मागच्या सीटवर पसरला आणि त्यावर बसून पट्टा लावून घेतला.

“अगं, मेस्त्रींकडे उद्या जायचंय!” मामा म्हणाला.

“ठाऊक आहे,” असं म्हणून घरातली भिंगरी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी शांत बसून राहिली.