आठ पुड्यांची जेली

अकरा वर्षं झाली, डबापार्टीला सुभद्रेच्या हातून पत्रावळी आणि पाणी यांखेरीज काही गेलं नव्हतं.

वाडीतल्या बायकांच्या बचत गटाची ही पार्टी वर्षातून एकदा व्हायची. प्रत्येकीने घरून एक पदार्थ करून आणायचा, राधाबाईंच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. कोणी कोंबडीवडे आणी, कोणी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, कोणी काकडीचं धोंडस. सुभद्रा पत्रावळींचा गठ्ठा खाली ठेवी आणि कळशी भरायला विहिरीवर जाई.

याला कारण होतं शिरवाळे. अकरा वर्षांपूर्वी तिने तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे केले होते, केसासारखे बारीक, आणि त्यासोबत नारळाचा गोड रस. पण घरात डबे दोन, दोन्ही एकाच दुकानातले. एकात रस आणि दुसऱ्यात नवऱ्याच्या, म्हणजे गणपतच्या, दुपारच्या जेवणाचं बांगड्याचं सार. घाईत नको तो डबा पार्टीला गेला. तालुक्याहून आलेल्या पाहुणीच्या वाटीत शिरवाळ्यांतून बांगड्याचं डोकं वर आलं आणि तिच्याकडे बघत राहिलं. इकडे घरी गणपतने वेलची घातलेला गोड रस भातावर ओतून खाल्ला आणि एवढंच म्हणाला, "आज तिखट जरा कमी झाला."

तेव्हापासून पत्रावळी आणि पाणी.

यंदा मात्र गोडाचं करणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली. गटाच्या सभेत राधाबाईंनी विचारलं, "गोड कोण हाडता?" आणि सुभद्रेचा हात तिला न विचारताच वर गेला.

"तू?" राधाबाई म्हणाल्या.

"मी. आणि यंदा डबो एकच हाडतंय."

राधाबाई गटाच्या अध्यक्षा. त्या बोलायला लागल्या की ओहोटीची भरती होई, पण वाक्य संपत नसे. त्यांनी सचिव नसीबाकडे मान वळवली. नसीबा बंदराकडच्या मोहल्ल्यातली. गटात तिचंच अक्षर वाचता येण्यासारखं, म्हणून वही तिच्याकडे.

"नसीबा, लिवन घे. ह्या खेपेक बिघडला, तर सुभद्रा जिती आसा तवसर पत्रावळी आणि पाणी." मग त्या सभेच्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "विरोध असल्यास आत्ताच बोलावं. न बोलणाऱ्याची संमती धरण्यात येईल."

हा नियम त्यांचाच. त्यांच्या बोलण्यात दुसरीला फट मिळत नसे, त्यामुळे गटाचे सगळे ठराव आजवर एकमताने झाले होते.

सुभद्रेने कुडाळला लेकीला फोन लावला. सारिका म्हणाली, "आये, फ्रूट जेली सॅलड कर. सगळ्यात सोप्या. पावडर गरम पाण्यात ढवळ, फळां घाल, फ्रीजात ठेव. तुझ्या हातान बिघडाक तेच्यात कायच नाय."

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरकडून पिशवी आली. त्यात जेलीची दोन पाकिटं आणि अननसाच्या फोडींचा एक डबा. सुभद्रेने डबा कानाशी धरून हलवून बघितला.

"परड्यात अननस पिकान वास सुटलोहा आणि मी डब्यातलो घालू? ता बोटीवरच्या माणसांचा खाणा."

घरातल्या फ्रीजचं दार नीट बसत नसे. खाली काहीतरी टेकवावं लागे. तिथे तिने तो डबा लावला. दार छान बसलं. मग घरामागच्या परड्यातला अननस कापला. इतका गोड की सुरीला मुंग्या लागल्या त्या सुरी धुतल्यावरही घरी जायला तयार होईनात. शुक्रवारी सकाळी पहिलं पाकीट, अननस, केळी, चिकू असं सगळं टोपात घालून टोप फ्रीजात गेला.

संध्याकाळी टोप हलवला. आतलं गुलाबी पाणी डुचमळलं.

"तुमी फ्रीज उघडलात?" तिने गणपतला विचारलं.

"एकदाच."

"कित्याक?"

"घट झाला काय बघूक."

"मगे?"

"होवक नाय म्हणान परत एकदाच."

असं करत गणपतने दुपारभरात फ्रीज चौदा वेळा एकदाच उघडला होता. दोष त्याच्या माथी मारून सुभद्रेने जेली त्याच्याच पुढ्यात ठेवली. त्याने ती सरबत म्हणून प्यायली. त्याची जीभ एवढी लाल झाली की दारात आलेल्या कोंबड्याला तो आपल्यातला वाटला.

शनिवारी दुसरं पाकीट. या वेळी सुभद्रेने फ्रीजला जाळ्याची दोरी बांधली, वर गाठ मारली आणि समोर पाट टाकून बसली. गणपतची गळाला लावायची कोलंबी आत अडकली. त्याने दोन तास सोसलं. मग तो टोपी घालून फ्रीजसमोर येऊन उभा राहिला.

वाडीत गाऱ्हाणं घालावं तर गणपतनेच. होडी पाण्यात लोटायची असो की लग्नाचा मांडव घालायचा असो, देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने सांगायचं ते तोच सांगे आणि बाकीचे मागून हो म्हणत. त्याने फ्रीजवर नारळ ठेवला.

"बा फ्रीजा म्हाराजा," त्याने आवाज लावला, "आज ही सुभद्रा तुझ्या दारात बसली आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सुभद्रा हात जोडून म्हणाली.

"तिच्या हातान काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"टोपात जा काय पाणी आसा, तेचो गोळो कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि माझी कोलंबी तेवडी भायर येवंदे म्हाराजा."

"ता येगळा गाऱ्हाणा," सुभद्रा म्हणाली. "गप ऱ्हवा."

चार वाजता दोरी सोडली. टोपात अननसाची फोड आरामात पोहत होती.

सुभद्रा पाटावरून उठलीच नाही. उद्या दुपारी पार्टी. पाकिटं संपली. कुडाळहून पहिली एसटी येणार ती राधाबाईंच्या खळ्यातली भांडी घासून झाल्यावर. तिला कळशीचा काठ कमरेला आत्ताच टोचायला लागला, आणि तो मरेपर्यंत टोचणार होता.

अशात नसीबा आली. किती माणसं येणार ते सांगायला आली होती. टोपात डोकावली आणि तिने गुपचूप रिकामं पाकीट उचललं, चष्मा लावला, मागची बारीक अक्षरं वाचली.

"वैनी, अननस कच्चो घातलंस?"

"कच्चो कसो? मधासारखो पिकलोलो."

"तसो नाय. शिजवलंस?"

"अननस कोण शिजवता गो?"

"हयसर लिवलला आसा. ताजो अननस घातलो तर जेली घट होवची नाय. म्हणान डब्यातलो सांगतत. तो शिजवलेलो आसता."

दोघींनी फ्रीजच्या दाराकडे बघितलं. डबा आपलं काम निमूटपणे करत होता.

"तो आता फोडून काय उपेग," सुभद्रा म्हणाली. "पावडरच नाय."

"आमच्यात ही पावडर चलनाच नाय, जनावराच्या हाडांची आसता. आमी चायना ग्रास घालतो. ती दर्यातल्या शेवाळाची. तिका अननस काय करूचो नाय." नसीबा घरी गेली आणि रमजानातल्या उरलेल्या आठ पुड्या घेऊन आली. "दोन पुरे. बाकीच्यो माका परत हाड."

सुभद्रेने पाणी चढवलं. परड्यातल्या अननसाच्या फोडी, मान खाली घालून, वाफवल्या. रंगाला कोकमाचं सरबत घातलं. मग दोन पुड्या मोजून पाण्यात टाकल्या आणि ढवळायला लागली. पाणी ते पाणीच. दोनदा फसलेल्या माणसाला उकळतं पाणी फार पातळ दिसतं. तिने तिसरी घातली. चौथी घालताना तिला राधाबाईंचा चेहरा आठवला, म्हणून पाचवीही गेली. पुढे तीन उरल्या, आणि तीन हा काही चांगला आकडा नव्हे, हे वाडीत कोणीही सांगेल.

आठवी विरघळली आणि सुभद्रेच्या हातातली पळी थांबली. ओढून बघितली, येईना. गणपतने एक पाय चुलीच्या ओट्याला लावून ओढली, तर पळीबरोबर टोप वर आला, टोपाबरोबर शेगडी.

"झाला घट," गणपत म्हणाला. "फ्रीजाचे उपकार नको."

रविवारी गणपतने टोप पळीला धरून उचलला आणि दोघं निघाली. राधाबाईंचं घर खाली बंदराच्या अंगाला. तिथे जायला चिऱ्यांची पाखाडी, बासष्ट पायऱ्या. दहाव्या पायरीवर गणपतचा पाय घसरला. टोप उलटा झाला. जे गरम पाण्याने आणि बायकोच्या शिव्यांनी सुटलं नव्हतं, ते टोपातून सुटलं.

जेली अकराव्या पायरीवर आपटली आणि उडाली. बाराव्या पायरीवर जास्त उडाली. पुढे तिने एक सोडून एक पायरी घ्यायला सुरुवात केली, पळी शेपटीसारखी मागे उभी. वाटेत एक कुत्रा भुंकायला उठला, जेली डोक्यावरून गेली तसा खाली बसला आणि त्या दिवसापासून म्हणे कोणावर भुंकत नाही. शेवटच्या पायरीवरून ती राधाबाईंच्या कुंपणावरून आत गेली आणि खळ्यातल्या टेबलावर, गोडासाठी राखलेल्या जागी, उभी राहिली. थोडी हलली. मग ते पण थांबलं.

सुभद्रा धावत खाली पोचली, तेव्हा बायका गोल करून बघत होत्या. कुठे ओरखडा नाही.

"गोडाक आधी धाडलंस वाटता," राधाबाई म्हणाल्या.

"पाण्यात बुडवन काढतंय हां," सुभद्रा म्हणाली आणि जेली पळीला धरून विहिरीवर घेऊन गेली.

सगळ्यांचं खाऊन झालं. गोडाची वेळ आली. सुरी लावली, ती वाकली. राधाबाईंनी आतून मोठ्या विळीसारखा आडाळा आणवला, ज्याच्या पात्यावर त्यांच्या घरात सुरमईची डोकी फुटत. सुभद्रा त्यावर बसली, दोन्ही हातांनी जेली दाबली आणि एकेक चौकोनी तुकडा पाडत गेली. आतून अननसाच्या फोडी काचेतल्यासारख्या चमकत होत्या. दिसायला फारच सुंदर. मान म्हणून पहिला आणि मोठा तुकडा अध्यक्षांना.

राधाबाईंनी तो सबंध तोंडात घातला, कारण लगेच भाषण करायचं होतं. दात लावले. दात गेले, पण परत येईनात. त्यांनी चावलं. तुकडा वाकला आणि पुन्हा होता तसा झाला. एकेका बाईने आपापला तुकडा तोंडात घातला आणि खळ्यात एक गोष्ट झाली, जी त्या घरात लग्न होऊन राधाबाई आल्यापासून झाली नव्हती. शांतता पडली. राधाबाईंच्या खळ्यातून समुद्र ऐकू येतो, हे अर्ध्या बायकांना तेव्हा कळलं.

सुभद्रा आडाळ्यावर तशीच बसून होती. कळशी कोपऱ्यात दिसत होती. राधाबाईंचा जबडा तेवढा चालू होता, आणि तो मोकळा झाला की काय ऐकावं लागणार, हे तिला पाठ होतं.

नसीबाने आपला तुकडा तोंडात घातलाच नव्हता. सकाळी तिने परत आलेल्या पुड्या मोजल्या होत्या. एकही नव्हती. तिने वही उघडली.

"ठराव," ती सभेच्या शुद्ध मराठीत म्हणाली. "सुभद्रावहिनींचं गोड पळीला धरून उचलता येतं, म्हणजे बिघडलेलं नाही. सबब यापुढे दरवर्षी गोड त्याच आणतील. विरोध असल्यास आत्ताच बोलावं."

राधाबाईंनी दोन्ही हात वर केले. डोळे मोठे केले. तोंडातून आवाज आला तो असा: "म्म्म्."

"काय म्हणतासा राधाबाय?"

"म्म्म्."

नसीबाने थांबायचं तेवढं थांबून बघितलं. बाकीच्या बायकाही चावत होत्या, पण त्यांचे डोळे हसत होते.

"न बोलणाऱ्याची संमती धरण्यात आली," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. "पुढचा ठराव. पत्रावळी आणि पाणी यापुढे अध्यक्षांनी आणावं. विरोध?"

राधाबाई खुर्चीवरून उठल्या. पुन्हा बसल्या. गणपतला इतका मोठा जमाव गप्प बघून राहवलं नाही. त्याने टोपी घातली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या बायांनी जा काय ठरवल्यानी, ता मान्य करून घे म्हाराजा."

"हूं म्हूंहूंहूं," सगळ्या बायका बंद तोंडांनी म्हणाल्या.

राधाबाईंचा घास उतरला तेव्हा उन्हं माडांच्या शेंड्यांना लागली होती. त्यांनी पाणी मागितलं. कळशी जवळच होती, पण कोणी उठेना. शेवटी त्या स्वतःच उठल्या आणि ओतून प्यायल्या.

"चवीक बरी आसा," त्या म्हणाल्या. मग दम घेऊन, "पण पत्रावळी मी हाडूचंय नाय."

"ठराव झालो," नसीबा म्हणाली. "वहीत आसा."

निघताना एकेक बाई सुभद्रेजवळ आली. कोणी हात दाबला, कोणी आपल्या डब्यातलं उरलेलं तिला दिलं. नसीबाकडून पुड्यांचा आकडा कळलेल्या एकीने तर जबडा चोळत तिच्या कानाशी तोंड नेलं.

"पुढल्या वर्साक नऊ पुड्यो घाल गो."

उरलेला तुकडा पळीसकट सुभद्रेच्या घरी आला. पळी अजून निघालेली नाही. फ्रीजच्या दाराला आता तोच टेकवलेला असतो आणि दार असं बसतं की गणपतला ते एकदाच उघडायलासुद्धा दोन माणसं लागतात. अननसाचा डबा मोकळा झाला, तो त्याने फोडून खाल्ला.

"बरो आसा," तो म्हणाला. "पण परड्यातल्याची सर नाय."